परळचा मुक्काम

कर्करोगावरील नव्या औषधांविषयी, शस्त्रक्रियांविषयी आणि किरणोपचाराच्या यंत्रांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले जावे हे योग्यच आहे. परंतु ज्याला हा आजार प्रत्यक्ष जडला आहे, आणि जो यवतमाळ किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या खेड्याहून एक पिशवी, एक फाईल आणि एक नातेवाईक एवढ्या सामग्रीनिशी दादर स्थानकावर उतरला आहे, त्याला प्रथम चिंता पडते ती आज रात्री पाठ टेकायची कोठे, याची. तिच्या मागोमाग जेवणाची चिंता येते, मग कागदपत्रांची, आणि गावी शेजाऱ्यांच्या हवाली करून आलेल्या मुलांचा व उभ्या पिकाचा घोर तर या सर्वांच्या तळाशी अहोरात्र जागा असतो. या चिंता ज्यांनी आपल्या मानल्या, त्या संस्थांविषयी व माणसांविषयी, आणि त्यांच्या कामामुळे खुद्द उपचाराच्या फळात काय अंतर पडते त्याविषयी, येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचेच उदाहरण घेऊ. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्या कृपेने महाराष्ट्रात या रुग्णांची वाण कधी पडलेली नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना जो किरणोपचार घ्यावा लागतो, आणि ज्याला रुग्ण आपसांत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तो सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे चालतो. रोजच्या शेकाला लागतात मोजकी मिनिटे. एवढ्यासाठी रुग्णालयात खाट देण्याची वैद्यकीय गरज नसते, आणि जेथे साऱ्या देशातून रोगी येतात तेथे ती देणे शक्यही नसते. मात्र दिवसाचे उरलेले सारे तास त्या रुग्णाने या महाग शहरात कोठेतरी काढावयाचे असतात, आणि तेही तोंड आतून सोलवटलेले, चव गेलेली, पाण्याचा घोटसुद्धा झोंबणारा, अशा अवस्थेत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, म्हणजे त्रास ऐन भरात आणि पैसा संपत आलेला असताना, ‘आता पुरे, गावी जाऊ’ असे वाटू लागणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु या उपचारात पडलेला खंड नुसता विलंब ठरत नाही. मध्यंतरीच्या दिवसांत उरलेल्या दुष्ट पेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो आणि आधी सोसलेल्यापैकी काही भाग व्यर्थ जातो, हे या शास्त्रात सर्वमान्य आहे. तेव्हा खोली सोडावी लागली म्हणून शेक अर्धा राहिला, तर तेथे जो कमी पडतो तो औषधाचाच हिस्सा असतो.

मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा आरंभ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीतून ही वास्तू उभी राहिली. तेव्हा खाटा होत्या ८०. पुढे १९६२ साली हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले, त्याचा विस्तार झाला, कीर्ती झाली, आणि कीर्तीच्या मागोमाग आसाम-बिहारपासून कोकणापर्यंतचे रुग्ण परळची वाट धरू लागले. इतक्या माणसांना पुरे पडेल एवढी निवाऱ्याची सोय त्या प्रमाणात वाढली नाही, म्हणून रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर सतरंजी अंथरून राहणाऱ्या कुटुंबांचे दृश्य परळकरांच्या दोन पिढ्यांना परिचयाचे झाले.

या बाबतीत प्रथम धावून आली ती आपली जुनी धर्मशाळेची परंपरा. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंच्या निवाऱ्याची तजवीज करणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने दादरला जी धर्मशाळा चालते, तिच्यात आज मुख्यत्वे कर्करुग्ण आणि त्यांचे सोबती उतरतात. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचे निवासगृह आहे. हे बोर्जेस मूळचे गोमंतकीय, टाटा रुग्णालयाचे नामांकित शल्यविशारद, आणि ज्या रस्त्यावर ते रुग्णालय उभे आहे त्यालाही त्यांचेच नाव आहे. जेवणाच्या बाबतीत हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेने गरीब रुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना रुग्णालयाजवळ विनामूल्य अन्न देण्याचा परिपाठ कित्येक वर्षे चालविला आहे. यांपैकी कोणतीही संस्था वैद्यकीय म्हणता येणार नाही. पण शेकाच्या सहाव्या आठवड्यात रुग्ण मुंबईत टिकून राहिला, याचे श्रेय वाटावयाचे झाल्यास त्यांचा वाटा लहान ठरणार नाही.

मुलांच्या बाबतीत निवाऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक असतो. रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात मुलाचा संपूर्ण उपचार दोन-तीन वर्षे चालतो आणि त्यातले पहिले काही महिने अत्यंत कडक असतात. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या घटतात, की इतरांना सर्दीपलीकडे काही न करणारा जंतू त्या मुलाच्या जिवावर उठतो, ताप १००.४ अंशांच्या वर गेला, तर रात्र असो वा सुटीचा दिवस, रुग्णालय गाठावेच लागते. असे मूल पदपथावर किंवा दहा जणांच्या दाटीच्या खोलीत ठेवणे म्हणजे एका हाताने औषध देऊन दुसऱ्याने काढून घेणे होय. २००६ साली निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्याने मुंबईत ‘सेंट ज्यूड’ केंद्रांचा उपक्रम आरंभिला, तो नेमका या जागी. एकेका कुटुंबाला स्वतंत्र, स्वच्छ बिऱ्हाड, स्वयंपाकघर सामाईक, पण प्रत्येक आईची चूल वेगळी, शिधा संस्थेचा, रुग्णालयात ने-आण करण्याची सोय, आणि यांपैकी कशाचाही मोबदला नाही. स्वयंपाक आईनेच करावा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मणिपूरच्या मुलाला मणिपुरी चवीचा भात मिळतो आणि विदर्भातल्या मुलाला त्याच्या घरचे वरण, ही गोष्ट तर आहेच. शिवाय ज्या बाईच्या हातून बाकी सर्व निर्णय डॉक्टरांनी, कारकुनांनी आणि नशिबाने काढून घेतलेले असतात, तिच्याकडे घरातला एक अधिकार तरी शाबूत राहतो.

याचा परिणाम मोजता येतो काय? येतो, आणि तो मोजला गेला आहे. टाटा रुग्णालयाच्या बालरोग विभागात २००९-१०च्या सुमारास शंभरांपैकी वीसेक मुलांचे पालक उपचार नाकारीत किंवा अर्ध्यावर सोडून निघून जात. हा रोग असा, की मुलांमधले त्याचे पुष्कळ प्रकार बरे होऊ शकतात. म्हणजे बरी होण्याजोगी मुले रोगापेक्षा परिस्थितीमुळे दगावत होती. त्यानंतर ‘इम्पॅक्ट’ या नावाने निवास, पोषण, पैसा, रक्त, मुलांचे शिक्षण आणि पालकांचे समुपदेशन या सर्व गोष्टी एका सूत्रात बांधण्याचा यत्न झाला आणि काही वर्षांत ते प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आले. येथे औषध बदलले नव्हते, यंत्र बदलले नव्हते; मूल आणि औषध यांच्यामध्ये उभे असलेले अडथळे तेवढे हटविले गेले होते. ज्यांना ही सारी कामे दयाधर्माची आणि म्हणून दुय्यम वाटतात, त्यांनी हा एक दाखला नीट तपासावा.

मात्र याच ठिकाणी एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. दानशूरांचे अंतःकरण बालकासाठी लवकर द्रवते. पन्नाशीच्या, जबडा काढलेल्या, तंबाखू खाणाऱ्या शेतमजुरासाठी ते तितके द्रवत नाही. ‘त्याने आपल्या हाताने ओढवून घेतले’ हा विचार उघड कोणी बोलत नाही, पण वर्गणीच्या पावतीबुकात तो दिसतो. वस्तुतः त्या मजुराच्या मागे चार माणसे जगत असतात, आणि ज्या पुडीने त्याचा घात केला ती त्याला गावातल्या टपरीवर राजरोस मिळाली होती.

आता कागदपत्रांकडे वळू. येथे माझे मत असे झाले आहे, की गरीब रुग्णाला पैशाच्या अभावापेक्षा माहितीचा अभाव अधिक नडतो. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग म्हणून एक खाते असते, त्याची पाटी बहुधा जिन्याजवळ किंवा आडबाजूच्या दालनावर असते, आणि पुष्कळ कुटुंबे तेथे पोहोचतात ती दागिने मोडून व शेत गहाण टाकून झाल्यावर. वास्तविक पहिल्याच दिवशी तेथे जावयास हवे. या विभागातील समाजसेवक रुग्णाची मिळकत, कुटुंब आणि गरज यांची चौकशी करून त्याला कोणत्या योजनेत बसविता येईल ते पाहतो, विश्वस्त संस्थांना शिफारसपत्रे देतो, निवासाची सोय सुचवितो आणि अर्ज कोठे अडला आहे याचा छडाही लावतो. राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जी २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ साली आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यात समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ या हुद्द्याचा माणूस बसलेला असतो आणि शिधापत्रिका व ओळखपत्र दाखविल्यास तो मंजुरीची कार्यवाही सुरू करतो. खासगी पण धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांवर तर कायद्याचेच बंधन आहे: एकूण खाटांपैकी शेकडा १० निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी शेकडा १० दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने त्यांनी राखावयाच्या असतात. ही तरतूद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील आहे. तिचा लाभ हा रुग्णाचा हक्क आहे, आणि त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच बरोबर आणला, तर एक हेलपाटा वाचतो.

हेलपाट्यांवरून आठवले. रेल्वेची सवलत आजही पुष्कळांना ठाऊक नसते. उपचारासाठी किंवा पुढील तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला शयनयानात व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात भाडे माफ असते, आणि त्याच्या एका सोबत्याला त्यात शेकडा ७५ सूट मिळते. रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेला दाखला तेवढा लागतो. ज्याला दर तीन आठवड्यांनी केमोसाठी जळगावहून मुंबईस यावे लागते, त्याच्या वर्षाच्या खर्चात एवढ्या एका कागदाने किती फरक पडतो, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पैशाने किंवा दाखल्याने भागत नाही असेही एक दुखणे असते. ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला गेला, की घरात एक प्रकारची शांतता पसरते. रुग्णाची ताटवाटी वेगळी होते, सून मुलांना आजीजवळ जाऊ देत नाही, केस गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचे आमंत्रण येईनासे होते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने तर मुळीच नाही, हे डॉक्टर सांगतात. परंतु डॉक्टरांच्या दारापुढे शंभर माणसे ताटकळत असल्याने ते एकदाच सांगतात. तेथे पुढे येतात ते स्वतः या आजारातून पार पडलेले लोक. वंदना गुप्ता यांनी १९९४ साली मुंबईत ‘व्ही केअर’ची स्थापना केली ती स्वतः या आजाराला तोंड दिल्यानंतर, आणि तिच्या स्वयंसेवकांत आजारातून उठलेल्यांचा भरणा आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर गळून बसलेल्या बाईला, ‘अहो ताई, माझाही हाच होता, याच बाकावर मी बसत होते’, असे एखादी धडधाकट बाई सांगते, तेव्हा त्या वाक्याने जे साधते ते छापील माहितीपत्रकाने साधत नाही. योगेंद्र सप्रू यांची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ १९६९ पासून आणि डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी स्थापिलेली भारतीय कर्करोग संस्था १९५१ पासून या क्षेत्रात आहेत. लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट याच भारतीय कर्करोग संस्थेचा. त्यांना नोकरी, लग्न, विमा अशा ठिकाणी जे प्रश्न विचारले जातात, त्यांना उत्तर देण्याचे बळ ते एकमेकांना देतात.

शरीराची पुन्हा घडी बसविणे हे आणखी एक मोठे प्रकरण आहे, आणि त्याची उपेक्षाही तितकीच मोठी आहे. शेक संपल्यावर जबड्याचे स्नायू आखडतात व तोंड उघडेनासे होते. ते टाळण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून, दर काही दिवसांनी एक काडी वाढवीत जाण्याचा व्यायाम शिकवितात. काड्यांना खर्च काहीच नाही. पण तो व्यायाम दिवसातून अनेक वेळा, महिनोन् महिने करावा लागतो आणि कंटाळून सोडला, तर पुढे जेवणच बंद होते. स्वरयंत्र काढलेल्याला नव्याने बोलावयास शिकविणारे वाचातज्ज्ञ, पोटावर पिशवी लागलेल्याला ती न संकोचता वापरावयास शिकविणाऱ्या परिचारिका, नाकातील नळीतून नाचणीची पेज, ताक, वरणाचे पाणी कसे व किती द्यावे हे आईला मापाने दाखवून देणारे आहारतज्ज्ञ, ही सारी मंडळी शल्यचिकित्सकाच्या यशाची निम्मी मानकरी आहेत. त्यांची पदे मात्र जिल्हा रुग्णालयांत एक तर मंजूर नसतात, किंवा मंजूर होऊन रिक्त असतात.

आणि सर्व रुग्ण बरे होत नाहीत. हे वाक्य लिहिल्यावाचून हा विषय प्रामाणिकपणे पुरा होणार नाही. वेदना शमविणे ही ज्या सेवेची पहिली प्रतिज्ञा, त्या उपशामक सेवेचे आपल्या देशातील पहिले निवासी केंद्र १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी मुंबईत वांद्र्यास ‘शांति अवेदना सदन’ या नावाने उभारले; पुढे त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही निघाली. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे असेच विनामूल्य केंद्र आहे. दुर्दैव असे, की अशी केंद्रे निघत होती त्याच काळात १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन या अत्यंत उपयुक्त आणि स्वस्त वेदनाशामकाभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले, की औषधालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ मोकळी झाली, तरी डॉक्टरांच्या व नातेवाइकांच्या मनातील भीती अद्याप गेलेली नाही. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असे समजून वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला ते नाकारणारी सुशिक्षित कुटुंबे आजही आहेत. ही सेवा उपचार थकल्यावर बोलावण्याची नाही. ती पहिल्या दिवसापासून उपचाराबरोबर चालावयास हवी, आणि वेदना आटोक्यात असलेला रुग्ण जेवतो, झोपतो व पुढचा डोस घ्यावयास येतो, एवढे व्यवहारी कारणही त्यास पुरेसे आहे.

या सर्व सेवांचा एक मोठा दोष मला दिसतो, तो त्यांच्या स्थानाचा. त्या परळच्या आसपास दाटल्या आहेत, आणि म्हणून ज्याला गावाजवळ उपचार मिळू शकतो तोही मुंबईची वाट धरतो. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय निघाले आणि तेथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून माहिती देऊ लागले, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या, असे पुढे आढळले. बाहेरून आणलेल्या कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ माणसाने माणसाच्या दारी जाऊन, एवढे घडले. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि इतर ठिकाणी आज उपचाराची केंद्रे आहेत. त्यांच्या भोवती धर्मशाळा, समाजसेवक, आहारतज्ज्ञ आणि बरे झालेल्यांचे गट उभे राहिले, तरच त्या केंद्रांचा खरा उपयोग होईल. शासनाने इमारतीचे अंदाजपत्रक मंजूर करताना निवासाचे व समाजसेवकांचे अंदाजपत्रक त्याच ठरावात मंजूर करावे. दोन निराळ्या ठरावांत विभागले गेले, की दुसरा ठराव दप्तरात राहतो.

वाचकांपैकी ज्यांचे वय आणि प्रकृती परवानगी देत असेल, त्यांना एकच विनंती. केमोवर असलेल्या मुलांना रक्तस्राव टाळण्यासाठी प्लेटलेट वारंवार लागतात, आणि गावाहून आलेल्या आईबापांना मुंबईत दाते शोधण्यास माणूस नसते. आपल्या जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेटदाता म्हणून नाव नोंदवावे. या दानास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, ४८ तासांच्या अंतराने ते पुन्हा करता येते, आणि काढलेली पिशवी पाच दिवसांहून अधिक टिकत नाही, म्हणून तिचा साठा कधीच पुरेसा नसतो.